दशमांश न चुकता देतो, पण देण्यातला आनंद कुठे गेला?

वाटेवरचा_एक:

सर्वांना सलाम. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतोच, मोठं होईल जरा, सांभाळून घ्या.

पहिल्या पगारापासून दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, मंडळीला (चर्चला) देतोय. आईवडिलांनी लावलेली सवय, कधी मोडली नाही. आधी पाकिटात घालून रविवारी पेटीत टाकायचो, आता पगार झाला की दुसऱ्या दिवशी ऑटो डेबिटने आपोआप जातो, मेसेज येतो, मी तो पुसून टाकतो, संपलं. मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. त्याच्या मुलीच्या उपचाराला पैसे कमी पडत होते. मी काय म्हणालो माहितीये? "अरे, या महिन्याचं देणं देऊन झालंय माझं." तो म्हणाला "बरं, असू दे," आणि ठेवला. नंतर बघितलं तर कॉल १ मिनिट ४० सेकंदांचा होता, त्यातला अर्धा मिनिट तर आम्ही एकमेकांना कसा आहेस कसा आहेस करण्यातच घालवला होता.

पैसे अगदीच नव्हते असं नाही हो. पण माझ्या डोक्यात "देणं" नावाचा एक खण आहे, तो त्या महिन्यापुरता भरला होता आणि मी त्याचं झाकण लावून टाकलं होतं. तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की तो "असू दे" कानात येतो. मला एवढंच विचारायचंय की दशमांश दिला की आपलं झालं का? मी नक्की देवाला देतोय की दर महिन्याचा एक हप्ता फेडतोय? आणि मनापासून द्यावंसं वाटतच नसेल तर मग काय करायचं, वाटेपर्यंत थांबायचं का?


मोहरीचा_दाणा:

भाऊ, आधी एक सांगते, तुला हे टोचतंय ही चांगली खूण आहे. ज्याचं मन मेलंय त्याला १ मिनिट ४० सेकंद लक्षात राहत नाहीत.

आता शास्त्रातलं बघ. दशमांश म्हटलं की आपल्याला बायबलातलं मलाखी ३:१० तेवढं पाठ असतं, भांडारात आणा आणि आकाशकपाटं उघडतील. पण 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या १४ व्या अध्यायाच्या शेवटच्या दोन ओव्या कोणी फारशा वाचत नाही. तिथे म्हटलंय की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात साठवायचा आणि लेवी (स्वतःची जमीन नसलेले, देवाच्या सेवेतले लोक), परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. म्हणजे दशमांश हा माणसाच्या पोटापर्यंत पोचायचाच होता, अगदी नियमशास्त्रातसुद्धा. शिवाय लेवीय १९ प्रमाणे शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. ती दशमांशात मोजलीच जात नव्हती! तुझा जो खण आहे ना, झाकणवाला, तो त्या काळच्या इस्राएली शेतकऱ्यालासुद्धा परवडला नसता, कारण हिशोब पुरा झाल्यावरही त्याच्या शेताची कड उघडीच राहायची.

आणि तुझ्या फोनशी सगळ्यात जवळचा उतारा म्हणजे मार्क ७, कुर्बानचा. एखादा माणूस आईबापांना सांगायचा की तुम्हाला जे माझ्याकडून मिळायचं होतं ते मी देवाला अर्पण केलंय, कुर्बान आहे ते, आता देता येत नाही. येशू त्यावर किती कडक बोललाय ते वाच. देवाचं नाव पुढे करून माणसाला परत पाठवणं, ह्याच गोष्टीला तो म्हणाला की तुम्ही देवाचं वचन रद्द करता. तू मुद्दाम केलं नाहीस, मला माहितीये, पण वाक्य तेच होतं रे. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाहीये कारण मीही हेच वाक्य वेगळ्या शब्दांत वापरलंय, "आमचं सगळं मंडळीतर्फे जातं" असं.

"वाटेपर्यंत थांबू का" बद्दल. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ८ आणि ९, एका बैठकीत वाच. प्रेषित पौल यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करतोय. मूळ ग्रीकमध्ये एक शब्द आहे, खारिस, म्हणजे कृपा. ८:९ मध्ये येशू धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झाला, ती खारिस. ८:४ मध्ये मासेदोनियाची माणसं आम्हाला ह्या कामात भाग घेऊ द्या म्हणून विनवतात, तिथे देण्याच्या त्या संधीलाही खारिस. आणि ९:१५ मध्ये देवाचे आभार मानलेत, ते आभारसुद्धा खारिस! देवाकडून आलं, माझ्या हातून पुढे गेलं, आभार होऊन देवाकडे परतलं, आणि सगळीकडे शब्द एकच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. म्हणून मनात द्यायची ऊर्मी येत नसेल तर मनाला पिळत बसू नको, आपल्याला काय काय मिळालंय ते आधी आठव. देणं तिथून सुरू होतं.


जुनी_वही:

ताईंनी वचनं दिलीच आहेत, मी फक्त माझ्यावर गुजरलेलं सांगतो.

वीसेक वर्षं झाली असतील. काम गेलं होतं, सात महिने घरी. घरात कोणालाच कळू दिलं नव्हतं की किती कर्ज झालंय, बायकोला पण नाही. एका रविवारी उपासना झाल्यावर घरी आलो, शास्त्र टेबलावर ठेवलं तर त्यातून एक पाकीट खाली पडलं. साधं पांढरं पाकीट, नाव नाही, चिठ्ठी नाही, आतल्या नोटा वेगवेगळ्या मापाच्या, काही चुरगळलेल्या, म्हणजे कोणीतरी बँकेतून काढून आणलेले नव्हते, साठवलेले होते. मी त्या नोटा सरळ करत बसलो होतो आणि बायकोने विचारलं काय झालं, तेव्हा कुठे तिला सगळं सांगितलं. त्या पैशानं दोन महिने निघाले, पण खरं सांगायचं तर त्या पाकिटानं आमच्या दोघांमधलं बोलणं परत सुरू केलं, ते जास्त झालं.

कोणी ठेवलं ते आजपर्यंत माहीत नाही. पुढे कित्येक महिने मी मंडळीतल्या प्रत्येकाकडे बघताना मनात म्हणायचो, हा असेल का, ही असेल का. आणि झालं काय की सगळ्यांशीच नीट वागायला लागलो, ज्यांच्याशी पटत नव्हतं त्यांच्याशीही. मत्तय ६ मध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं जे म्हटलंय त्याचा हा अर्थ मला कोणी उपदेशात सांगितला नव्हता. देणारा लपला की घेणाऱ्याची मान खाली जात नाही, उलट त्याला सगळीच माणसं देणारी दिसायला लागतात.

तुमच्या चुलतभावाबद्दल एकच. त्यानं फोन करायच्या आधी किती वेळ फोन हातात धरला असेल ह्याचा विचार करा. मी तर सात महिन्यांत एकालाही फोन केला नव्हता, तेवढा धीरच झाला नाही. त्यानं तुम्हाला केला.


अजून_शोधतोय:

मी जरा दुसऱ्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

मीही मनापासून देणाराच होतो. मग एका ठिकाणी जायला लागलो तिथे दर आठवड्याला तेच, द्या म्हणजे शंभरपट मिळेल, विश्वास असेल तर कर्ज काढून बी पेरा. हो, कर्ज काढून. मी पेरलं. पीक आलं नाही ते नाहीच, वर मलाच ऐकवलं की तुझा विश्वास कमी पडला. त्या ठिकाणाचं नाव घेत नाही, घ्यायचंही नाही, पण दोन वर्षं मी कुठल्याच पेटीत काही टाकलं नाही. कोणी "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" म्हटलं की माझे दात आवळले जायचे.

तिथे विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी छोट्या दोन नाण्यांची, गोष्ट तर कायम सांगायचे, बघा तिने सगळं दिलं, तुम्ही का मागे? नंतर मी स्वतः मार्क उघडून तो भाग मागचा पुढचा धरून वाचला आणि हबकलो. १२:४१ पासून त्या विधवेची गोष्ट सुरू होते. त्याच्या लगेच आधी, १२:३८-४० ला, येशू काय म्हणतो? शास्त्र्यांपासून सावध राहा, ते विधवांची घरं गिळतात आणि वर लांबलचक प्रार्थना करतात. आणि तिच्या लगेच नंतर, १३ व्या अध्यायाच्या सुरुवातीला, तो म्हणतो की ह्या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने खरंच ते पाडलं. म्हणजे ती बाई आपली शेवटची पुंजी टाकते ती अशा भांडारात. तिच्या दोन टोल्या म्हणजे एका दीनाराचा चौसष्टावा भाग, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. येशूने तिचं मोल सगळ्यांपेक्षा जास्त धरलं हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण त्याने कुठेही असं म्हटलेलं नाही की जा, असल्या विधवांकडून आणखी गोळा करा. मला तर वाटतं तिला बघताना त्याचा गळा भरून आला असेल.

तर प्रश्न विचारणाऱ्या भावाला माझं म्हणणं, तुला आनंद वाटत नाही ह्याचं कारण कदाचित हेही असेल की तुझे पैसे कुठे जातात ते तुला दिसतच नाही. ते बघ आधी. विचार. विचारणं म्हणजे अविश्वास नाही.


मंडळीचा_खजिनदार:

वरचं वाचून मनाला लागलं. अशा ठिकाणी भाजलेली माणसं आमच्याकडेही येतात, पहिल्यांदा पेटी फिरली की त्यांचे खांदे आखडतात, लांबूनही कळतं. शोधतोय भाऊ, तुम्ही दिलेलं वाया गेलं असं म्हणू नका, पण तुम्हाला विचारायचा हक्क होता आणि आहे.

मी अकरा वर्षं मंडळीचे पैसे मोजतोय. आमच्यात नियम आहे की पेटी कधी एकट्याने उघडायची नाही, दोघांनी मोजायचं आणि दोघांनी सही करायची. सुरुवातीला एका वडीलधाऱ्यांना राग आला होता, म्हणाले आमच्यावर विश्वास नाही का. मी त्यांना २ करिंथ ८:२०-२१ काढून दाखवलं. एवढी मोठी रक्कम पौल एकटा नेत नाहीये, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतोय, आणि कारण सरळ लिहितोय की ह्या देणगीबाबत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, प्रभूसमोरच नाही तर माणसांसमोरही जे योग्य ते आम्ही बघतो. प्रत्यक्ष पौल साक्षीदार घेऊन चालतो तर आपण कोण! त्यानंतर ते वडील स्वतः मोजायला बसायला लागले.

आणि पैसे कुठे जायला हवेत ह्याबद्दल सुरुवातीच्या मंडळीने काही गुपित ठेवलेलं नाही. साधारण १५५ साली रोममध्ये जस्टिन हुतात्मा हा ख्रिस्ती लेखक सम्राटाला लिहितो की रविवारी ज्याची ऐपत आणि इच्छा आहे तो आपल्या मर्जीने देतो, आणि जमा झालेल्यातून पुढारी अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे लोक यांना सांभाळतो. तर्तुल्लियन हा दुसरा ख्रिस्ती लेखक कार्थेजहून १९७ च्या सुमाराला तेच म्हणतो, महिन्याला एकदा, जमेल त्याने, जबरदस्ती कोणावर नाही, आणि खर्च कशावर तर गरिबांना खाऊ घालायला, मेल्यावर त्यांना पुरायला, पोरक्या मुलांना, घरात अडकून पडलेल्या म्हाताऱ्यांना, जहाज फुटलेल्यांना, खाणीत शिक्षा भोगणाऱ्यांना. मी वर्षाचा हिशोब मांडताना ही यादी शेजारी ठेवतो. दिवे, खुर्च्या, दुरुस्ती ह्याला पैसे लागतातच, मला कळतं, मीच ती बिलं भरतो. पण त्या यादीतलं एकही नाव आमच्या वहीत नसेल तर माझी सही करायची इच्छा होत नाही.

मूळ प्रश्नाला, ऑटो डेबिट बंद करू नका हो. शिस्त वाईट नाही. पौलानेच १ करिंथ १६ मध्ये सांगितलंय की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावं. ज्यांची भाकरी त्या दर महिन्याच्या पैशावर चालते त्यांना तुमच्या मनःस्थितीशी काय करायचंय, त्यांना पहिल्या आठवड्यात पैसे हवेत. फक्त तो मेसेज पुसायच्या आधी अर्धा मिनिट थांबा आणि कोणाचं तरी नाव घेऊन प्रार्थना करा. आणि दशमांशाबाहेर थोडं मोकळं ठेवा, अशा फोनसाठीच.


वाटेवरचा_एक:

सगळ्यांचे आभार, मी दोनदा वाचून काढलं सगळं. कुर्बानवाला उतारा आधी कित्येकदा वाचलेला, पण तो परूश्यांबद्दल, त्या काळच्या नियमकट्टर यहूद्यांबद्दल, आहे असं समजून पुढे जायचो.

एक खरंच विचारतो. समजा अशा फोनसाठी ठेवलं बाजूला. पण मागणारा खरा गरजू आहे की नाही हे कसं ओळखायचं? मागे एकाने फसवलंय मला, त्यामुळेही हात आखडतो.


मंडळीचा_खजिनदार:

हा प्रश्न नवा नाही. दिदाखे म्हणून अगदी सुरुवातीच्या मंडळीतली एक छोटी शिकवण आहे, तिच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की जो मागेल त्याला दे आणि परत मागू नको. आणि थोडंच खाली म्हटलंय की कोणाला द्यायचं हे कळेपर्यंत तुझं दान तुझ्या हातात घामेजू दे. दोन्ही एकाच पानावर! मला हे फार आवडतं, कारण दोन्ही खरं आहे. घामेजू दे म्हणजे मूठ आवळून ठेव असं नाही, पैसे द्यायला काढून हातात घेतलेत, फक्त नीट बघून देतोय. गरज नसताना घेणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागेल असंही तिथे आहे, म्हणजे तो भार घेणाऱ्यावर आहे. तुम्हाला फसवलं त्याचा हिशोब तो देईल, तुमच्या चुलतभावाने का द्यायचा?


फक्त_वाचक:

मी ख्रिस्ती नाही, पण हा थ्रेड वाचत होतो आणि राहवलं नाही म्हणून विचारतो, दुखवायचा हेतू नाही. बाहेरून बघणाऱ्याला बरेचदा वाटतं की ही मदत काहीतरी परत मिळावं म्हणून असते, म्हणजे माणूस आपल्यात यावा म्हणून. तुम्ही लोक ह्याकडे कसं बघता?


मोहरीचा_दाणा:

विचारलंत ते बरं केलंत.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लूक १० मध्ये आहे. रस्त्यात एक माणूस अर्धमेला पडलाय, लुटारूंनी कपडेसुद्धा काढून नेलेत. यहूदी आणि शोमरोनी म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणारे. शोमरोनी काय काय करतो ते बघा, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर जवळ राहतो, सकाळी उतारशाळेवाल्याला दोन दीनार काढून देतो आणि म्हणतो जास्त लागले तर परत येताना देईन. सगळ्या गोष्टीत तो जखमी माणूस एक शब्द बोलत नाही. त्याचा धर्म, त्याची मतं, तो नंतर आभार मानायला गेला का, शोमरोन्यासारखा झाला का, काहीच नाही. येशूने ते सांगितलंच नाही आणि मग म्हणाला, जा आणि तूही तसंच कर. म्हणून जो मदतीला अट लावतो तो ह्या गोष्टीच्या बाहेर गेला असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो कितीही मोठ्याने प्रभूचं नाव घेवो. असं करणारे नाहीत असं मी म्हणणार नाही, आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आणि एक जुनी साक्ष, तीही विरोधकाची. सम्राट ज्युलियनला ख्रिस्ती लोक अजिबात आवडत नसत, त्याला जुने देव परत आणायचे होते. ३६२ च्या सुमाराला तो आपल्या एका पुजाऱ्याला पत्रात वैतागून लिहितो की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणायचा) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. "आपल्याही", हा शब्द महत्त्वाचा. ते गरीब तेव्हाही त्याच्याच देवांचे होते, आणि तरी जेवत होते.


फक्त_वाचक:

हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.


अजून_शोधतोय:

खजिनदार साहेब, तुमच्या रिप्लायनंतर एक गोष्ट केली ती सांगतो. आम्ही जातो तिथल्या पाळकांना सरळ विचारलं की वही बघू का. त्यांनी कपाट उघडून काढूनच दिली, म्हणाले बस निवांत. एका पानावर एका आजारी बाईंचा औषधाचा खर्च होता, सलग चौदा महिने, नावाऐवजी नुसतं एक अक्षर. मी काही बोललो नाही, वही बंद करून परत दिली. रविवारी टाकलं पेटीत, दोन वर्षांनी.


वाटेवरचा_एक:

उशिरा लिहितोय. पैसे फोनवर पाठवता आले असते, पण जुनी वही काकांनी लिहिलेलं डोक्यात होतं म्हणून सुट्टी काढून स्वतः गेलो. भावाने दार उघडलं, मला बघून आधी घाबरलाच, काय झालं म्हणाला. मी म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोललो, माझ्याकडे होते. तो दारातच उभा राहिला थोडा वेळ, मग बाजूला झाला आणि म्हणाला, ये ना आत, ती जागी आहे.

ती उशीला टेकून बसली होती, हाताला पट्टी. मला तिचं नाव घेऊन हाक मारताना लक्षात आलं की ती किती वर्षांची झाली तेही मला माहीत नव्हतं. नऊ. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे, गाडी माझी नेणार आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.